खरा कंटाळा

३ जानेवारी

ठिपक्या,

ताईचे आशीर्वाद. समोर असतास तर पाठीत एक धपाटाही मिळाला असता.

तुझं पत्र पोचलं. ‘मी बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल. इथे थंडी आहे.’ झालं, संपलं पत्र! अरे, विजेच्या बिलावर याहून जास्त मजकूर असतो. मागच्या खेपेलाही हेच होतं, फक्त थंडीच्या जागी वारा होता. मी दर आठवड्याला चार चार पानं खरडते ती काय हवामान खात्याला?

थोडी रागावलेय, पण तुझे भाऊजी म्हणतात की हे चांगलं लक्षण आहे. तू त्या हॉस्पिटलात गेल्यापासून इतके महिने मला तुझ्यावर रागवायचं धाडसच होत नव्हतं. तुझ्याशी बोलायचं म्हणजे काचेचं सामान उचलल्यासारखं बोलायचे. फोनवर बोलावं तर तुमच्या अख्ख्या वॉर्डाला एकच फोन. मागे रांग लागलेली, तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि वेळ संपतो. आगगाडीचा दिवसभराचा प्रवास, त्यामुळे मनात आलं की उठून येणंही होत नाही.

डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, सगळं असंच ठीक राहिलं तर फेब्रुवारीच्या शेवटी तुला आठवडाभर आमच्याकडे राहायला सोडतील. तो आठवडा नीट पार पडला की मग कायमचं घरी पाठवायचं बघू. ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तुझ्यासाठी मागची छोटी खोली रिकामी करायला घेतलीय. मिरची पुस्तकं हलवायला तयार नाही, पण मामा येणार म्हटल्यावर निम्मी हलवली.

स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून मी दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तू दे. तिथे दिवसभर करतोस तरी काय? नीट, सविस्तर लिही. तीन वाक्यांचं पत्र आलं तर तसंच परत पाठवीन.

तुझी,
ताई

१२ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. धपाटा पोचला, पाठ चोळत लिहायला बसलोय.

सकाळी गोळ्यांची रांग असते. मग नाश्त्याची रांग. मग डॉक्टर येतात, झोप लागली का विचारतात, आणि मी लागली म्हणतो. त्यानंतर जेवणापर्यंत काही नाही. जेवणानंतर चहापर्यंत काही नाही. चहानंतर बागेत चक्कर मारायला सोडतात. ही बढती मला नवीनच मिळालीय. बसायच्या खोलीत टीव्ही आहे, पण रिमोट मोठ्या सिस्टरांच्या खिशात असतो आणि त्यांना फक्त स्वयंपाकाचे कार्यक्रम आवडतात. त्या आम्हाला दिवसभर पंचपक्वान्नं दाखवतात आणि रात्री सूप देतात.

शेजारच्या खाटेवर मास्तर आहेत. शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्याकडे तुकडे जुळवून चित्र करायचं एक कोडं आहे, बर्फाच्या डोंगराचं. अर्ध्याहून जास्त तुकडे नुसत्या आभाळाचे, सगळे निळे. मास्तर दिवसचे दिवस ते जुळवतात आणि पुरं झालं की मोडून डब्यात भरतात. का मोडता, म्हणून विचारलं तर म्हणाले, “दुसरं कोडं कुठे आहे?”

मी भिंत बघतो. हसू नकोस. मोठ्या सिस्टरांनी माझ्या कागदांवर लिहून ठेवलं की हा माणूस तासन् तास भिंतीकडे बघत बसतो. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “काय दिसतं तुम्हाला भिंतीत?”

मी म्हटलं, “दोन माणसं.”

त्यांचं पेन थांबलं. “कशी आहेत?”

“एक उंच, डावरा. दुसरा बुटका, आणि कामचुकार.”

“बोलतात का तुमच्याशी?”

“छे हो, ते रंग लावून केव्हाच गेले.”

मग त्यांना भिंतीपाशी नेऊन दाखवलं. खिडकीकडच्या बाजूला ब्रशचे फटकारे उजवीकडून सुरू होतात, हात लांब जातो, सांधा कुठे दिसत नाही. तो डावऱ्याचा हात. दाराकडची बाजू बुटक्याची. खांद्याच्या वर जेमतेम एकच हात मारलाय, शिडी आणायचा आळस केलाय, आणि स्विचच्या खाली ओघळ तसाच वाळू दिलाय. मधे एक जाडसर पट्टा आहे. तिथे दोघांचं वाजलं असणार, कारण तिथे दोघांनीही लावलाय. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, “माझ्या घरी रंगकाम चाललंय. येऊन जरा बघाल का?” गंमत करत होते, पण मोठ्या सिस्टरांनी कागदावरचं वाक्य खोडलं.

तर मी हे करतो. मिरचीला सांग, पुस्तकं राहू देत, मला भिंत पुरते.

तुझा,
ठिपक्या

२० जानेवारी

ठिपक्या, गधड्या,

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. ‘दोन माणसं’ आलं तेव्हा मी मिरचीला आत पाठवणार होते, आणि पुढच्या ओळीला तुझ्या भाऊजींना असा ठसका लागला की मिरचीने त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. अगदी तुझ्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं. पत्र झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, उगाच आपली.

आता एक कामाचं बोलू. छोट्या खोलीच्या खिडकीखालच्या भिंतीला ओल आलीय. पोपडे सुटलेत. तुझे भाऊजी म्हणतात, “पेंटरच्या बहिणीच्या घरात असली भिंत शोभत नाही, मी रविवारी उरकून टाकतो.” डबा आणलाय, ब्रश आणलाय, डोक्याला बांधायला रुमालही काढून ठेवलाय. तू ओळखतोसच त्यांना. मागे त्यांनी नळ दुरुस्त केला होता तेव्हा आपण सगळे बादल्या घेऊन धावत होतो. तूच काय ते सांग, माझं ऐकणार नाहीत.

दुसऱ्या पत्राची वाट बघतेय.

तुझी,
ताई

२९ जानेवारी

ती. ताई,

भाऊजींच्या हातून ब्रश काढून घे. आधी काढून घे आणि मग पुढे वाच.

ओलीवर रंग म्हणजे ओल्या अंगावर इस्त्रीचा शर्ट. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मला वाटतं खिडकीच्या बाहेरच्या कडेला भेग असेल. ती बुजवा. मग पोपडे खरवडून भिंत नुसती उघडी ठेवा, चांगली सुकू दे. भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासून सपाट करायची, अस्तराचा हात द्यायचा, आणि मग रंग. हे सगळं मी आल्यावर करीन. भाऊजींना माझ्या हाताखाली घेईन, डबा धरायला.

आता माझी कर्मकहाणी. ताई, मला असा भयंकर कंटाळा आलाय म्हणून सांगू! कंटाळ्याने नाकी नऊ आलेत. रविवारी दुपारी डॉक्टर नाहीत, भेटणारे नाहीत, सिस्टरही अर्ध्याच. घड्याळाचा काटा पुढे सरकायच्या आधी जरासा मागे जातो हे तुला ठाऊक आहे का? मला आहे. आग लागल्यास काय करावे, ही भिंतीवरची सूचना मी पाठ केली, मग शेवटाकडून पाठ केली. मास्तरांना म्हणून दाखवली तर म्हणाले, “चौथ्या कलमात चुकलात.” म्हणजे त्यांचीही पाठ आहे!

सुपाचा कंटाळा आलाय, टीव्हीवरच्या त्या हसऱ्या बाईचा आलाय, मास्तरांच्या निळ्या आभाळाचा आलाय. भिंतही वाचून संपली. डावरा आणि बुटका यांचं काय भांडण झालं असेल तेही मनाशी ठरवून झालं. माझ्या स्वतःच्या तोंडाचा कंटाळा आला म्हणून मिशी ठेवली होती, आता मिशीचा आला. नुसता कंटाळा, कंटाळा, कंटाळा.

पत्र जरा लवकर पाठव.

तुझा,
ठिपक्या

३ फेब्रुवारी

चि. ठिपक्या,

पत्र मिळालं. इकडे सगळे मजेत. रंगाचं मनातही आणू नकोस, भिंत काही पळून जात नाही. तुझ्या यायचीही घाई नाही, डॉक्टर म्हणतील तसं सावकाश होऊ दे. तू विश्रांती घे. एकटा बसू नकोस. काही वाटलं, अगदी काहीही वाटलं, तर सिस्टरांना लगेच सांग. सांगशील ना? नक्की सांग.

मिरची आठवण काढते.

ताई

१० फेब्रुवारी

ताई,

काय झालं ते कळेना, म्हणून विचारतोय.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच इथे सगळं फिरलं. सकाळी दोन सिस्टर येऊन बसल्या आणि आलटून पालटून तेच तेच विचारू लागल्या. मनात कसले विचार येतात, जेवण जातं का, कुणाला काही सांगायचंय का. मी म्हटलं, बागेत जायचंय. तर बागेची चक्कर बंद. माझा पट्टा घेतला, दाढीचं सामान घेतलं. खाट हलवून सिस्टरांच्या टेबलासमोर लावली. तिथे रात्रभर दिवा असतो. मी आलो तेव्हा त्याच जागी होतो.

आमचे डॉक्टर परगावी गेलेत. बदली डॉक्टर माझ्याकडे बघण्याऐवजी कागदांकडे बघतात. म्हणाले, “घरी सोडण्याचा विचार तूर्त नाही.” मी विचारलं, का? तर म्हणाले, “घरून फोन आला होता.”

घरून म्हणजे कुठून? माझं घर म्हणजे तूच.

तू फोन केला होतास का? काय सांगितलंस? बरं चाललं होतं माझं. मास्तरही माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत. जास्त लिहीत नाही.

ठिपक्या

१५ फेब्रुवारी

ठिपक्या,

हो, मीच केला फोन.

तुझं ते पत्र मी चौकशीच्या खिडकीत बसून उघडलं. भाऊजींच्या ब्रशवर हसत होते. मग तो शब्द आला. एकदा नाही, ओळीला ओळ लागून. समोर एक गृहस्थ गाडीची वेळ विचारत होते, त्यांना मी काय सांगितलं देव जाणे. जागेवरून उठले आणि सरळ हॉस्पिटलला फोन लावला. म्हटलं, माझ्या भावावर नजर ठेवा, त्याला पुन्हा तसंच होतंय.

तुला आठवतं की नाही, कोण जाणे. त्या दिवशी दुपारी तू शिडीवरून उतरून मला फोन केला होतास. काम अर्धं टाकून. म्हणालास, “ताई, कंटाळा आला गं.” एवढंच. मी म्हटलं, “मग चहा पी आणि लाग कामाला.” तू ‘बरं’ म्हणालास. संध्याकाळी तुझ्या शेजाऱ्यांचा फोन आला, दार तोडावं लागलं म्हणून.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही. कोणी ठरवलं नाही, आपोआपच झालं. तुझे भाऊजी ‘वैताग आला’ म्हणतात. मिरचीला पावसात घरात बसावं लागलं तर माझ्याकडे बघत हळूच म्हणते, “आई, मला ‘क’ आलाय.” आणि तू तो शब्द पानभर लिहून पाठवतोस, वर मिशीचे विनोद!

तुझी बाग गेली, घरी येणं गेलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण खोटं कशाला बोलू, उद्या पुन्हा तसं पत्र आलं तर मी पुन्हा फोन करीन. रागाव माझ्यावर. रागावलेला भाऊ मला चालेल.

ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताई,

रागावलो होतो. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि राग गेला. मिरचीचा ‘क’ मात्र मनातून जात नाही. माझ्या भाचीने माझ्यामुळे एक शब्द निम्म्याहून जास्त गिळावा!

त्या दिवसाचं मला आठवतं. आजवर कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. त्या दिवशी मला कंटाळा आलाच नव्हता. जे होत होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता, म्हणून हाताला लागला तो दिला. डब्यात हवा तो रंग नसला की त्यातल्या त्यात जवळचा देतो ना आपण, तसं. तू तरी काय करणार? कंटाळा आला म्हटल्यावर कोणीही चहाच पी म्हणेल.

ते कसं होतं सांगू? मी शिडीवर होतो, समोर भिंत होती, आणि भिंतीत काहीच नव्हतं. आधीच्या माणसाचा हात दिसेना, सांधा दिसेना, रंग कोणता तेही कळेना. वेळ लांबलाही नव्हता. वेळच नव्हता. मला चहा नको होता, घरी जायला नको होतं, तिथे राहायलाही नको होतं. काहीच हवं नव्हतं गं.

आणि आता बघ. मला सूप नको, कारण मला दुसरं काहीतरी चमचमीत खायचंय. टीव्हीवरची बाई नको, कारण मला मिरचीची बडबड ऐकायचीय. तुझी ती ओली भिंत मला झोपेत दिसते, हात नुसते शिवशिवतात. कंटाळा यायला आधी काहीतरी हवं असावं लागतं, ताई. इतक्या महिन्यांनी तो मला पहिल्यांदा आला, म्हणून मी पानभर मिरवला. तुला काय वाटेल ते डोक्यातच आलं नाही.

आमचे डॉक्टर परवा परत आले. कागद वाचून त्यांनी मला विचारलं, “कशाचा कंटाळा आला तुम्हाला?” बाकी कुणी हे विचारलंच नव्हतं. मी बोलायला लागलो तो थांबेच ना. सूप, घड्याळ, खुर्च्यांचा रंग, त्यांचं ‘झोप लागली का’. त्यांनी घड्याळ बघितलं तर म्हटलं, थांबा, अजून अंघोळीच्या पाण्याबद्दल बोलायचंय.

बाग परत मिळाली. पण ते म्हणतात, घरी सोडायचं तर ताईंची तयारी हवी, घाबरलेल्या घरात मी तुम्हाला पाठवणार नाही. म्हणजे आता सगळं तुझ्या हातात आहे.

मी एक सुचवतो. नुसत्या शब्दावर जाऊ नकोस. मी कंटाळा आला म्हटलं की विचार, ‘कशाचा?’ मला उत्तर देता आलं तर खुशाल चहा ठेव. नाही देता आलं तर फोन कर, बिनदिक्कत कर. मी तुला खरंच सांगीन, एवढा माझा शब्द.

तुझा,
ठिपक्या

२ मार्च

ठिपक्या,

चार दिवस तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय. वाचलं की पटतं, आणि घडी घातली की परत भीती वाटते. मला खोटं उत्तर दिलंस तर? मी ओळखणार कशी? त्या दिवशीही आवाज तुझा नेहमीचाच होता.

शेवटी काल रात्री जेवताना मिरचीला म्हटलं, “बाई, तो शब्द म्हण बघू पूर्ण.” ती बापाकडे बघायला लागली. मी म्हटलं, “म्हण.” तिने आधी हळू म्हटलं, मग जोरात म्हटलं, “मला कंटाळा आलाय!” मी विचारलं, “कशाचा?” अरे बापरे! शाळेचा, वेणीचा, गणिताच्या बाईंचा, माझ्या हातच्या जेवणाचा, तुझ्या खोलीसाठी पुस्तकं हलवण्याचा. भाऊजींनीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. इतक्या महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. मग मिरचीने विचारलं, “आई, तुला कशाचा आलाय?”

मी म्हटलं, “घाबरण्याचा.” असं काही बोलेन हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मिरचीने माझं ताट उचललं आणि घासून ठेवलं.

आज सकाळी डॉक्टरांना फोन केला, सांगितलं, आमची तयारी आहे. येत्या रविवारी मी तुला न्यायला येते. भीती काही गेलेली नाही, ती सोबत येईल. पट्टा मागून घे, विजार सावरत माझ्या घरात यायचं नाही.

तुझी,
ताई

१९ मार्च

ठिपक्या,

तुला तिथे सोडून घरी सुखरूप पोचले. गाडीला उशीर झाला, आणि चौकशीच्या खिडकीत कोणी धड उत्तर देईना. आता लोक माझ्यावर का ओरडतात ते समजलं.

तू गेल्यापासून त्या सकाळचंच मनात घोळतंय. पहिले चार दिवस काय छान गेले रे! भाऊजींना दिवसभर डबा धरायला लावलास, बाहेरची भेग सापडली, घरभर धूळ, मिरचीचे केस पांढरे. रोज दुपारी तू कंटाळा आला म्हणायचास, मी कशाचा विचारायचे, आणि तू भाऊजींच्या बढायांचा पाढा वाचायचास. मला तो खेळच वाटायला लागला होता.

पाचव्या दिवशीही मी खेळातच विचारलं. गॅसकडे तोंड करून. उत्तर येईना म्हणून वळले, तर तू टेबलापाशी बसून हातांकडे बघत होतास. बराच वेळ गेला. मग म्हणालास, “सांगता येत नाही, ताई.” मी गॅस बंद केला. मला नंबर लागेना, तो तूच लावलास. मोठ्या सिस्टरांशी तूच बोललास. दुपारच्या गाडीने आपण निघालो.

वाटेत तू झोपलास. मी खिडकीतून बाहेर बघत एकच विचार करत होते, मी घाई केली का? दोन तास वाट बघितली असती तर? आठवडा पुरा झाला असता. आता कायमचं घरी येणं किती लांबलं असेल कोण जाणे. मिरची विचारते, “मामा नापास झाला का?” तिला काय सांगू?

तुझी,
ताई

६ एप्रिल

ती. ताई,

उत्तराला उशीर झाला. मधले दिवस लिहिण्याजोगे नव्हते. गोळ्या वाढवल्या, खूप झोपलो, भिंत म्हणजे नुसती भिंत होती. मास्तर रोज खाटेशी येऊन बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्याचा फार आधार वाटला.

मिरचीला सांग, मामा नापास झाला नाही. मोठा झाल्यावर पहिल्यांदाच कॉपी न करता पेपर दिला त्याने.

त्या सकाळी तू कशाचा विचारलंस तेव्हा उत्तर माझ्या ओठांवर होतं. ‘भाऊजींच्या घोरण्याचा.’ एवढं म्हटलं असतं तर तू हसली असतीस, चहा झाला असता, दिवस निघून गेला असता. मग मी भिंतीपाशी एकटा गेलो असतो. मला ते खरंच म्हणायचं होतं, ताई. तू इतकी खुशीत होतीस. पण तू वळून बघत उभी राहिलीस, बोलली नाहीस, घाई केली नाहीस. म्हणून मला खरं सांगता आलं. मागच्या वेळी मी दारामागे होतो आणि दार तोडावं लागलं. या वेळी मी स्वतःच्या पायांनी चालत आलो, शेजारी तू होतीस. दोन तास वाट बघितली असतीस तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं नाही.

डॉक्टरांचंही तेच म्हणणं. मी म्हटलं, आठवडा पुरा झाला नाही, म्हणजे घरी जाणं बारगळलं का? ते म्हणाले, “मला जे बघायचं होतं ते पाचव्या दिवशी बघून झालं.” तारीख त्यांनी अजून दिलेली नाही. पण पुन्हा तुझ्याकडेच पाठवणार आहेत, आणि या वेळी तुझी तयारी आहे का असं विचारायची गरज नाही म्हणाले.

आज दुपारी मास्तरांनी ते कोडं काढलं आणि सगळे तुकडे पालथे घातले. चित्राची बाजू खाली. म्हणाले, “आता जरा कस लागेल.” मी बघत बसलो. करड्या पुठ्ठ्याचे तुकडे, त्यात शोधायचं काय? आणि बघता बघता असह्य झालं. उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो, घड्याळ बघितलं. ताई, मला कंटाळा आलाय!

कशाचा म्हणून विचारशील. ते सांगायलाच हे सगळं लिहायला बसलो. सकाळच्या गोळ्यांच्या रांगेत पुढे उभा असलेला माणूस रोज तीच गोष्ट सांगतो, तिचा आलाय. पाणी पिण्याच्या त्या कागदी पेल्यांचा आलाय. ‘झोप लागली का’चा तर आलाच आहे. नाश्त्याला अंडं मिळतं, पण मीठ मिळत नाही. मागितलं की स्वयंपाकघरातून येईल म्हणतात आणि ते येतं अंडं संपल्यावर, रोज, न चुकता, त्याचा आलाय. इतक्यातच कागद संपत आला बघ, आणि मी अजून नाश्त्यापर्यंतच पोचलोय.

ठिपक्या